मोकलांनी घर सहज रंगवायला काढलं

सोमवारी सकाळी साडेसात वाजता भालखार गावात मोरेश्वर धर्मा मोकल यांच्या घराच्या दर्शनी भिंतीवर रंगाचा पहिला हात बसला. आठ वाजता त्यांच्या मुलाचं लग्न ठरल्याची बातमी गावात पक्की झाली. साडेआठपर्यंत हळदीला बोकड की कोंबडी यावर दोन तट पडले होते आणि बोकडाचा पक्ष जड होता.

यातलं काहीही मोकलांना माहीत नव्हतं. ते ओट्यावर खुर्ची टाकून रंगाऱ्यावर देखरेख करत होते. ज्याचं लग्न ठरलं होतं तो प्रणय त्या वेळी मांडव्याच्या जेट्टीवर सव्वाआठच्या बोटीची तिकिटं तपासत होता. त्यालाही माहीत नव्हतं.

भालखारमध्ये घराला बाहेरून रंग लागतो तो एकाच कारणासाठी, लग्नासाठी. गणपतीला घर आतून झाडतात, दिवाळीला ओटा धुतात. पण बाहेरच्या भिंतीला ब्रश लागला की घरात नवरा किंवा नवरी आहे असं समजायचं. भिंत पोपटी नाहीतर गुलाबी होते, मधोमध चौकोन आखून त्यात दोघांची नावं आणि तारीख येते, दोन बाजूंना दोन हत्ती उभे राहतात, आणि पुढच्या लग्नापर्यंत त्या भिंतीकडे कोणी बघत नाही. तीन मुलांच्या घराला चाळीस वर्षांत तीनदा रंग लागतो. कोपऱ्यातला पोपडा नखाने उकलला तर कोण कोणाच्या आधी बोहल्यावर चढलं ते खालच्या थरांवरून सांगता येतं. मोकल याच गावात जन्मले, इथूनच चौतीस वर्षं अलिबागला जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात जाऊन-येऊन नोकरी केली, आणि वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त होऊन इथेच बसले. त्यांना ही रीत ठाऊक नव्हती असं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आपण घर रंगवत नसून घराची शैली निश्चित करत आहोत, आणि या दोन स्वतंत्र बाबी आहेत.

शैलीचा विषय अमिषाकडून आला होता. अमिषा ही मांडव्याच्या अलीकडच्या गावातल्या थळे गुरुजींची मुलगी. मुंबईत दुसऱ्यांची घरं सजवून देणाऱ्या एका कंपनीत ती काम करते आणि रोज सव्वाआठच्या बोटीने जाते. प्रणय रोज तिचं तिकीट तपासायचा. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या तेव्हा तपासण्यासारखं काही उरलं नाही म्हणून दोघं फोनवर बोलू लागले, आणि चार महिन्यांनी बोटी सुरू झाल्या तोपर्यंत दोघांपुरतं ठरलं होतं. गुरुजींचं ठरायचं होतं. ते रविवारी अकरा वाजता घर बघायला येणार होते. त्याच्या दोन आठवडे आधी अमिषाने प्रणयला विचारलं, "तुमच्या घराची स्टाइल काय आहे?"

"साधी," प्रणय म्हणाला होता, आणि रात्री जेवताना त्याने ते घरी सांगितलं. ही त्याची पहिली चूक.

"साधी म्हणजे काय?" मोकलांनी विचारलं.

"काही नाही हो पप्पा. तिनं सहज विचारलं."

चौतीस वर्षांत मोकलांनी एकही विचारणा सहज झालेली पाहिली नव्हती. विचारणेला उत्तर दिलं नाही तर स्मरणपत्र येतं आणि स्मरणपत्रानंतर जे येतं त्याबद्दल ते घरात बोलत नसत. त्यांनी दुसऱ्या दिवशी एक नवी फाइल उघडली आणि तिच्यावर लिहिलं, 'विषय: राहत्या घराची शैली निश्चित करणेबाबत.'

सगुणाची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, हरकत फाइलीला नव्हती. तिची एकच अट होती. "गुरुजींचा व्हय येईपरत गावात तोंड उघडाचं न्हाय." कारण प्रणयच्या दोन सोयरिकी आधी मोडल्या होत्या आणि दोन्ही वेळा गावातून मुलीकडे कोणीतरी फोन केला होता. पहिल्या फोनवर सांगितलं की मुलगा बोटीवर असतो, महिना-महिना घरी येत नाही. प्रणय जेट्टीवर असतो आणि साडेसहाला घरी येतो. दुसऱ्या फोनवर सांगितलं की सासू तोंडाची तिखट आहे. "त्ये खरा हाय," सगुणा म्हणायची, "पन सांगाचं काय काम व्हतं?" प्रणयला एकोणतीस पुरी होत होती. तिसरी सोयरीक मोडली असती तर चौथी आली नसती, हे घरातल्या तिघांनाही न बोलता माहीत होतं.

मोकलांनी शैलीच्या शोधाची सुरुवात पाहणीने केली. पुढच्या खोलीत त्यांना एक सोफासेट आढळला, त्यावर प्लास्टिकचं मूळ वेष्टन. एक फ्रिज, जो स्वयंपाकघरात मावत असूनही आल्या-गेल्याला दिसावा म्हणून बाहेर होता. प्रणयची कबड्डीची अकरा पदकं, आणि सात भिंतीवरची घड्याळं. घड्याळं कोणी विकत घेतलेली नव्हती. ती लग्नाकार्यात, वास्तुशांतीत आणि निरोपसमारंभात मिळालेली होती, प्रत्येकाच्या काचेवर देणाऱ्याचं नाव छापलेलं होतं, आणि देणारे सगळे येत-जात असल्यामुळे एकही उतरवता येत नव्हतं. सातही वेगवेगळी वेळ दाखवत. मोकलांनी पाहणी अहवालाच्या शेवटी लिहिलं की वरील वस्तूंवरून कोणतीही शैली निष्पन्न होत नाही.

मग प्रणयने, ही त्याची दुसरी चूक, त्यांना फोनवर एक प्रश्नावली उघडून दिली. बारा प्रश्नांची उत्तरं द्या आणि तुमच्या घराची शैली ओळखा. पहिला प्रश्न होता, सकाळचा पहिला चहा घेताना तुमच्या मनात काय येतं: समुद्र, जंगल, की शहराचे दिवे? मोकलांच्या मनात साखर बरोबर पडली का एवढंच येत असे आणि तसा पर्याय नव्हता. त्यांनी विचार करून समुद्र लिहिला, कारण तो गावापासून दीड किलोमीटरवर आहे. आठव्या प्रश्नात, तुम्ही एखादा रंग असता तर कोणता असता, असं विचारलं होतं. लागू नाही, असं लिहायची सोय नसल्याने तिथे ते पंचवीस मिनिटं थांबले. निष्कर्ष आला की ते बंडखोर भटक्या शैलीचे आहेत.

त्यांनी फोन सगुणाकडे दिला. तिने भाकऱ्या थापता थापता बोटाला लागेल ते दाबलं आणि तिची शैली राजेशाही निघाली. ती त्यावर दोन दिवस काही बोलली नाही, पण चालण्यात फरक पडला होता. तिसऱ्या वेळी मोकलांनी थळे गुरुजी काय उत्तरं देतील ते मनाशी धरून प्रश्नावली भरली. गुरुजींना त्यांनी एकदाच, एका दहाव्याला पाहिलं होतं. निष्कर्ष आला, मिनिमल. म्हणजे घरात कमीत कमी वस्तू, मोकळ्या भिंती आणि पांढऱ्याच्या जवळचा रंग. मोकलांना ते पटलं. सरकारी विश्रामगृहं तशीच असतात.

रंगाचं दुकान अलिबागला हेतलबेनचं. तिने शेड कार्ड उघडून समोर ठेवलं. "काका, बेसो. शादी छे?"

"नाही नाही," मोकल घाईने म्हणाले. "सहजच."

हेतलबेन बावीस वर्षं भालखारच्या लोकांना रंग विकत होती. तिने फक्त मान हलवली. "तो पोपटी देऊ के गुलाबी?"

"पांढऱ्याच्या जवळचा. पण पांढरा नको."

"त्याच्यामंदी चोपन्न आहे काका." तिने चोपन्न चौकोन दाखवले. मोकलांना तो चोपन्न वेळा छापलेला एकच चौकोन दिसला. त्यांनी चष्मा पुसला, कार्ड उजेडात नेलं, आणि शेवटी एकतिसावा निवडला, कारण कचेरीतल्या त्यांच्या टेबलाचा नंबर एकतीस होता. शैली अशी ठरली.

आता पुन्हा सोमवारकडे. सव्वानऊ वाजता शेजारचा कान्हा ओट्यावर आला. कान्हा मोकलांचा लहानपणचा सोबती, त्याचे चार ट्रेलर बंदरावर चालतात. त्याच्या तीन मजली घराला समोरून जमिनीपासून गच्चीपर्यंत बाथरूमच्या फरशा बसवलेल्या आहेत. पाइप मारला की घर नवं, असं तो सांगतो आणि दर रविवारी मारून दाखवतो.

"काय रं मोरू," तो म्हणाला, "सांगाचं तरी. हलद कवा हाय?"

"कसली हळद? घर रंगवतोय. सहज."

कान्हाने रंगाचा डबा पाहिला, भिंत पाहिली, मग मोकलांकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, दुखावलेपण होतं. "मना पन सहज सांगतंस," तो म्हणाला. "पन्नास वरसाचा दोस्त मी."

मोकलांना वाईट वाटलं, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. पुढच्या तासाभरात आणखी नऊ जणांनी हळद विचारली. मोकलांनी नऊही जणांना 'सहज' असंच सांगितलं. त्यांना हे कळलं नाही की भालखारमध्ये सहज हा शब्द फक्त लग्न लपवणारेच वापरतात.

मंगळवारी भिंत पूर्ण झाली. लोक थांबून बघत आणि रंगारी बाळाजीला विचारत, अस्तर लागलं, रंग कधी? बाळाजीलाही तोच प्रश्न होता. त्याने आयुष्यात पांढऱ्यावर काम थांबवलं नव्हतं. "दादा," तो म्हणाला, "यावर काय मारायचंय?"

"काही नाही. हाच रंग."

"हा रंग नाही दादा, हे अस्तर."

"हा एकतिसावा शेड आहे."

"असेल," बाळाजी म्हणाला, "पण लोक मला नावं ठेवतील."

बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी ग्रामपंचायतीचा शिपाई नोटीस घेऊन आला. मोकलांच्या घरी होऊ घातलेल्या विवाहाचा मंडप सार्वजनिक रस्त्यावर येत असल्याची तक्रार प्राप्त झाली असून त्यांनी तीन दिवसांत खुलासा सादर करावा, असा मजकूर होता. तक्रारदाराचं नाव नव्हतं, पण सोबत जोडलेल्या तक्रारीचं अक्षर मोकलांनी ओळखलं. पाचवीपासून कान्हा त्यांची वही बघून याच अक्षरात अभ्यास उतरवत आला होता.

ते तसेच कान्हाकडे गेले. कान्हाने नाकारलं नाही. "मंग काय करू?" तो म्हणाला. "तू तारीख सांगत न्हाय. मंडप रस्त्यावर येनार. माजा ट्रेलर कुठनं काडू? आदीच अर्ज टाकला म्हंजे बोलाचं काम न्हाय. राग मानू नको. खुर्च्या माज्या मेव्हन्याच्या मंडपातनं सांगितल्यान. चाळीस बस होतील नं?"

कोणाला वाटेल की मोकल चिडले असतील. खरं तर त्यांना आतून बरं वाटत होतं. निवृत्तीनंतर आलेली ही पहिली नोटीस होती. घरी येऊन त्यांनी कपाटातला जाड कागद काढला, पेन झटकलं आणि दुपारच्या जेवणालाही उठले नाहीत. खुलासा असा लिहावा की त्याला फट राहू नये, ही त्यांची ख्याती होती. गावात तोंड उघडायचं नाही ही सगुणाची अटही पाळायची होती. त्यामुळे त्यांनी लिहिलं की माझ्या घरी कोणताही विवाह ठरलेला नसून नजीकच्या काळात ठरण्याची शक्यता नाही. माझा मुलगा प्रणय याच्या विवाहासंबंधी कोणत्याही कुटुंबाशी कोणत्याही प्रकारची बोलणी चालू नाहीत, तशी इच्छाही नाही. सबब तक्रार निकाली काढावी. 'तशी इच्छाही नाही' हे त्यांनी शेवटच्या वाचनात घातलं. वाक्याचा तोल त्याने सुधारला.

आणि खाली, हाताला सवय म्हणून, लिहिलं: प्रत माहितीसाठी, सरपंच, पोलीस पाटील आणि अध्यक्ष, तंटामुक्ती समिती.

भालखारचे पोलीस पाटील हे थळे गुरुजींचे सख्खे मेहुणे आहेत. हे मोकलांना माहीत होतं. पण प्रत कोणाला पाठवायची हे पदावरून ठरतं, नात्यावरून नाही, आणि लिहिताना त्यांना फक्त पद दिसलं होतं. गुरुवारी दुपारी चार वाजता त्या पत्राचा फोटो गुरुजींच्या फोनवर होता. साडेचारला अमिषाचा फोन प्रणयला आला. पावणेसातला प्रणय घरी आला, बूट न काढता आत आला, आणि म्हणाला, "पप्पा, तशी इच्छा नाही म्हणजे?"

सगुणाने पत्राची स्थळप्रत मागून घेतली. तिला वाचायला वेळ लागला. वाचून झाल्यावर तिने ती घडी घालून परत फाइलीत ठेवली, आणि तिचं तिखट तोंड ज्यांनी ऐकलं आहे ते सांगतील की ती गप्प बसली हे चांगलं लक्षण नव्हतं.

"दोन गावानं मोडल्या," ती शेवटी म्हणाली. "ही तुमी मोडलाव. सहीनिशी."

शुक्रवारी कार्यालय उघडायच्या आधी मोकल ग्रामपंचायतीच्या पायरीवर होते. ग्रामसेविका पूनम मॅडम तरुण आणि काटेकोर आहेत. मोकलांना त्या पहिल्या भेटीपासून आवडत होत्या.

"मला माझं पत्र मागे घ्यायचं आहे," मोकल म्हणाले.

"आवक क्रमांक पडलाय, साहेब. आवक झालेला कागद परत देता येत नाही. तुम्हाला मी काय सांगणार."

"मग दुरुस्तीपत्र देतो. विवाहाची शक्यता आहे असं."

"चालेल. लग्नपत्रिकेची प्रत जोडा."

"पत्रिका नाही. ठरलेलं नाही अजून."

"ठरलेलं नाही?" पूनम मॅडमनी फाइल बघितली. "मग पहिलं पत्र बरोबरच आहे की."

"पण बोलणी चालू आहेत."

"समोरच्यांचं तसं पत्र आहे?"

मोकल त्या खुर्चीत असते तर त्यांनी हेच विचारलं असतं. चौतीस वर्षं त्यांनी हेच विचारलं होतं, आणि समोरची माणसं पायरी उतरून कशी जात ते त्यांनी आज स्वतः उतरून पाहिलं.

घरी आले तर भिंतीवर मधोमध तेलरंगाचा लाल चौकोन होता. चौकोनात ठसठशीत अक्षरात 'चि. प्रणय', त्याखाली 'आणि', त्याखाली 'चि. सौ. कां.', आणि त्यापुढे वीतभर कोरी जागा. उजवीकडच्या हत्तीचे मागचे पाय झाले होते. बाळाजी शिडीवरून म्हणाला, "तुम्ही लाजताय म्हणून मीच सुरू केलं दादा. मुलीचं नाव सांगा, आत्ता टाकतो."

मोकल शिडीला धरून उभे राहिले. "पुस ते."

"तेलरंग आहे. पुसला तर पसरेल. वरून तुमचं अस्तर मारलं तर लाल दिसणार. चार हात लागतील, मध्ये वाळायला पाहिजे." बाळाजीने बोटं मोजली. "मंगळवार."

सगुणा बाहेर आली, तिने बघितलं. चादर लावावी असं मोकलांनी सुचवलं. "चादर लावली तर मोडलं म्हनतील," ती म्हणाली आणि आत गेली. हत्ती मागच्या पायांवर थांबवण्यात आला.

शनिवारी सकाळी थळे गुरुजींचा फोन आला. "उद्या येतो. अकरा वाजता. ठरल्याप्रमाणे." पत्राचा विषय त्यांनी काढला नाही. शाळेत गुरुजी ज्याला मारायचं त्याला आधी काही बोलत नसत, असं त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने प्रणयला सांगितलं.

आता हातात उरलं होतं ते एकच, घराच्या आतली बाजू. निदान अमिषाच्या प्रश्नाला तरी नीट उत्तर द्यावं म्हणून मोकलांनी शनिवारी दुपारी पुढची खोली मिनिमल केली. सोफा, फ्रिज, पदकं आणि सातही घड्याळं कान्हाच्या तळमजल्यावर नेऊन ठेवली. खोलीत एक लाकडी बाक आणि कुंडीत एक झाड राहिलं. खोली रिकामी झालेली गावाने पाहिली आणि गावाला आता शंका उरली नाही, कारण खोली रिकामी करतात ती हळदीला बायका बसायला. संध्याकाळी लग्नात धवले म्हणणारी धवलारीण हिराबाय स्वतः आली, बाकावर टेकली, आणि म्हणाली की पुढच्या महिन्यात तिला दोनच तारखा मोकळ्या आहेत, तर लवकर सांगा.

रविवारी अकराला पाच मिनिटं असताना गुरुजींची गाडी आली. गुरुजी, त्यांच्या पत्नी आणि पोलीस पाटील उतरले. गुरुजी उंच, सडसडीत, खिशाला दोन पेनं. ते भिंतीसमोर उभे राहिले. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं, कोऱ्या जागेपाशी थांबले, मग हत्तीचे पाय पाहिले आणि आत आले.

आत बसायला एकच बाक होता. गुरुजी आणि त्यांच्या पत्नी बसले, पाटील उभे राहिले, मोकल उभे राहिले, प्रणय दाराशी उभा राहिला. खोलीत बोललेलं घुमत होतं.

"सामान?" गुरुजींनी विचारलं.

"शैली आहे," मोकल म्हणाले.

तेवढ्यात कान्हा दोन्ही हातांत लाल खुर्च्यांची चळत घेऊन आला. पाहुणे उभे आहेत हे बघून त्याला शरम वाटली होती. खुर्च्या ठेवून तो बाहेर पडला आणि काही मिनिटांत त्याचा भाऊ नि दोन ड्रायव्हर सोफा घेऊन आत आले. मोकलांनी हात केला, पण सोफ्याला थांबवता येत नाही. मागून फ्रिज आला. कान्हाच्या सुनेने पदकं आणली आणि जुन्या खिळ्यांना लावली. घड्याळं एकेक करून आली. त्यात ज्यांनी दिली होती त्यांतली दोन माणसं स्वतः घेऊन आली आणि आपापलं जागेवर टांगून गेली. अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी खोली जशी होती तशी झाली. सगळेजण सोफ्यावर बसले. प्लास्टिक कुरकुरलं.

"हे बरं आहे," गुरुजींच्या पत्नी म्हणाल्या. हे त्यांचं पहिलं वाक्य.

गुरुजींनी खिशातून घडी केलेला कागद काढला. फोटोवरून छापून घेतलेलं पत्र होतं. त्यांनी ते मांडीवर पसरलं. "पत्र चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "मुद्देसूद आहे. यात म्हटलंय, लग्न नाही, बोलणी नाहीत, इच्छा नाही. बाहेर भिंतीवर लग्न आहे, मुलगा आहे, मुलीची जागा मोकळी आहे. म्हणजे मुलगी कोणतीही चालेल. मोकल, मी यातलं कुठलं खरं धरू?"

मोकलांनी आयुष्यात शेकडो खुलासे केले होते. त्या वेळी त्यांना एकाचाही मसुदा आठवला नाही. त्यांनी प्रणयकडे पाहिलं. प्रणय त्यांच्याकडे बघत नव्हता, तो फरशीकडे बघत होता, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, लहानपणी व्हायच्या तशा.

"पत्रातलं खोटं आहे," मोकल म्हणाले. "भिंतीवरचं घाईचं आहे."

"आणि खरं?"

"खरं लिहिलेलं नाही कुठे."

सगुणा पदराला हात पुसत पुढे आली. "गुरुजी, मी सांगतंय. दोन सोयरिकी गावानं फोन करून मोडल्यान, म्हनून या टायमाला आमी लपवलं. लपवता लपवता सगला गावाला समजला, फकस्त तुमाला उलटा समजला. पोराचं मन तुमच्या पोरीवर हाय. आमाला ती पायजे. घरात फ्रिज कुठं ठेवाचा ती सांगंल तिकडं ठेवू."

गुरुजींनी कागद परत घडी केला. "हे लेखी द्याल?"

मोकलांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. सगुणाने वरच्या वर ते पेन काढून घेतलं आणि स्वयंपाकघरात घेऊन गेली. गुरुजींच्या तोंडाचा एक कोपरा हलल्याचं पोलीस पाटील सांगतात. कान्हा खिडकीतून बघत होता, त्याच्या मते दातात काहीतरी अडकलं होतं.

चहा झाला. सोयरीक ठरल्याशिवाय मुलीकडचे मुलाच्या घरी जेवत नाहीत, त्यामुळे जेवणाचा आग्रह एकदाच करण्यात आला आणि एकदाच नाकारण्यात आला. गुरुजींच्या पत्नींनी चहा दुसऱ्यांदा घेतला. त्याचा अर्थ काय, यावर गावात अजून एकमत नाही. निघताना त्यांनी फोनवर पुढच्या खोलीचे चार फोटो काढले. गुरुजी गाडीत बसताना म्हणाले, "कळवतो."

सोमवारी काही कळलं नाही. प्रणयने सव्वाआठच्या बोटीवर तिचं तिकीट तपासलं, ती म्हणाली, "बाबा काही बोलत नाहीत." मंगळवारी बाळाजी चार हातांचा रंग घेऊन आला आणि पुसायचं की नाव टाकायचं असं विचारून परत गेला, कारण त्याला कोणीच उत्तर दिलं नाही. हिराबाय दोनपैकी एक तारीख दुसरीकडे देऊन बसली. मोकलांनी फाइल उघडली, बंद केली.

बुधवारी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी अमिषाचा निरोप प्रणयच्या फोनवर आला. एवढाच: 'पुढच्या खोलीच्या खिडकीची रुंदी किती आहे?'

प्रणयने तो दोनदा वाचून दाखवला. सगुणा टेप शोधायला धावली. मोकल स्टुलावर चढले. आतून चार फूट दोन इंच भरलं, चौकटीसकट चार फूट सात.

"कुठलं सांगू?" प्रणयने विचारलं.

"दोन्ही सांग," मोकल म्हणाले. मग स्टुलावरून उतरता उतरता थांबले. "तिनं का विचारलं असेल?"

"सहज विचारलं असेल, पप्पा."

दोन्ही मापं सात वाजता कळवण्यात आली. कान्हाच्या सूचनेवरून सात वाजून दहा मिनिटांनी उंचीही कळवण्यात आली. निरोप वाचला गेल्याच्या निळ्या खुणा दिसत आहेत. उत्तर अजून आलेलं नाही.